जिन्याखाली बघा

रेडिओवर त्यांना 'आरोग्यताई' म्हणत आणि रेडिओबाहेर नुसतंच ताई. रोज सकाळी बातम्या संपल्या की त्यांचा छोटासा कार्यक्रम लागायचा. तापलेल्या मुलाला काय द्यायचं, भाजलं तर काय लावायचं नाही, डास कुठे अंडी घालतात, असलं सगळं. ताई डॉक्टर नव्हत्या. नवरा अकाली गेल्यावर त्या रेडिओ केंद्रावर टायपिस्ट म्हणून लागल्या. एकदा निवेदिकेचा घसा बसला म्हणून त्यांना माइकसमोर ढकललं, आणि त्या तिथेच राहिल्या. आवाज काही फार गोड नव्हता. जरा जाड, जरा घोगरा, ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून बोलणाऱ्या थोरल्या बहिणीसारखा. लोकांना तोच आवडला. बाजारात ताईंनी "वांगी कशी दिली?" म्हटलं की शेजारच्या बाया गर्रकन वळायच्या. "अगंबाई, ताई का तुम्ही? आमच्या धाकटीचा खोकला हटत नाहीये हो." वांगी राहायची बाजूला आणि ताई तिथेच उभ्या उभ्या खोकल्यावर बोलत बसायच्या.

कार्यक्रमातली माहिती मात्र सगळी सिस्टरांची. सिस्टर म्हणजे सरकारी इस्पितळात बाळंतपणाच्या वॉर्डातल्या नर्स. दोन गल्ल्या सोडून राहायच्या. ड्यूटी संपली की ताईंकडे यायच्या आणि चपला काढता काढताच सुरू व्हायच्या.

"अगं, काय सांगितलंस तू काल? जुलाब झाले तर दूध बंद करा? आईचं दूध बंद नसतं करायचं, माझे आई! उद्या नीट सांग, नाहीतर माझ्या वॉर्डातल्या पोरी मला फाडून खातील."

ताई चहा टाकायच्या, चूक कबूल करायच्या आणि दुसऱ्या दिवशी नीट सांगायच्या. ताईंना मूलबाळ नव्हतं, सिस्टरांनाही नव्हतं. सिस्टरांचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. गल्लीत त्यांना चष्मेवाले म्हणत. मुलखाचे अबोल. बायकोला न्यायला आले की दारातच उभे राहायचे, आणि दोघींच्या गप्पा संपेपर्यंत ताईंच्या नेमप्लेटवरची धूळ रुमालानं पुसत बसायचे.

सिस्टर आणि चष्मेवाले 'पलीकडचे' होते. म्हणजे त्यांचे आजे-पणजे डोंगरापलीकडून या शहरात आले होते, इतकंच. शहरात असे पुष्कळ. आडनावं वेगळी, बोलण्यात थोडा हेल. बाकी नळाला पाणी आलं नाही की शिव्या सगळ्यांच्या एकाच भाषेत.

मग केंद्रावर नवे साहेब आले. माणूस हसतमुख. आल्या आल्या सगळ्यांच्या खुर्च्या बदलून दिल्या, कँटीनचा चहा सुधारला. हळूहळू कार्यक्रमही बदलले. दुपारच्या गाण्यांच्या जागी एक विनोदी मालिका सुरू झाली. तिच्यात एक पलीकडचा दुकानदार असायचा, चिकट आणि बावळट, सारखा आपल्या हेलात रडणारा. लोक पोट धरून हसायचे. पहिला भाग ऐकून ताईही हसल्या. काही आठवड्यांनी तो दुकानदार बावळट राहिला नाही, लबाड झाला. आणखी काही आठवड्यांनी त्याच्या गोदामात काहीतरी लपवलेलं असायचं. बातम्यांत 'पलीकडचे' हा शब्द आधी कधी यायचा नाही. तो रोज येऊ लागला.

एक दिवस ताईंच्या कागदावर, उघड्यावरची कापलेली फळं घेऊ नका या वाक्यात, साहेबांनी स्वतःच्या हातानं दोन शब्द वाढवले होते. 'पलीकडच्या फेरीवाल्यांकडून'. प्रक्षेपण सुरू असल्याचा लाल दिवा लागलेला होता. ताई क्षणभर अडखळल्या, आणि वाचून मोकळ्या झाल्या.

त्या दिवशी सिस्टर चहाला आल्या नाहीत. ताईंनी वाट पाहिली, मग उठून त्यांच्याकडे गेल्या. सिस्टर कपडे वाळत घालत होत्या.

"माझी चूक झाली," ताई म्हणाल्या. "समोर होतं, तोंडातून निघून गेलं."

"इतकी वर्षं तुझ्या तोंडात माझे शब्द असायचे," सिस्टर चिमटा लावत म्हणाल्या. "आता दुसऱ्याचे आले. बस, आलेच मी. पण चहा साखरेचा मिळणार नाही, संपलीये."

महिनाभरानं साहेबांनी ताईंना आत बोलावलं आणि एक कागद पुढे केला. इस्पितळातल्या पलीकडच्या नर्सांच्या हाती आपली बाळं देऊ नका, असा त्याचा मजकूर होता. ताईंनी कागद वाचून टेबलावर उलटा ठेवला.

"हे मी वाचणार नाही."

"का बरं?" साहेबांनी अगदी मऊपणे विचारलं.

"कारण हे खोटं आहे."

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, तुम्ही दमलात. थोडे दिवस रजेवर जा. बोलावू आम्ही."

बाहेर पॅसेजमध्ये कात्री भेटला. कात्री म्हणजे केंद्रावरचा रेकॉर्डिंगवाला. खरं नाव सगळे विसरले होते. टेप कापून जोडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. ताईंचं प्रत्येक खोकणं, प्रत्येक अडखळणं तो कापून फेकायचा आणि वर म्हणायचा, "ताई, तुमचा अर्धा संसार माझ्या कचऱ्याच्या डब्यात आहे." त्या दिवशी त्यानं चेष्टा केली नाही. नजर चुकवून भिंतीला लागून निघून गेला.

ताई घरी बसल्या. घर म्हणजे दोन खोल्या, वरच्या मजल्यावर. खाली धाकटे दीर आणि जाऊ राहायचे. दीर नळदुरुस्तीची कामं करायचे. सकाळी बातम्या संपल्या की ताईंच्या कार्यक्रमाच्या जागी बँडचं संगीत लागायचं. त्या वेळेला ताईंना काही सुचायचं नाही. गाळलेला चहा परत गाळायच्या.

आणि एका सकाळी बँड वाजलाच नाही.

ताई कणीक मळत होत्या. खालून जावेच्या रेडिओतून त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. 'पाण्यात विष आहे असं समजा. एक थेंबही तोंडात घालू नका.' त्यांना वाटलं, जुना कार्यक्रम लावला असेल. हे वाक्य कॉलऱ्याच्या साथीतलं. पुढे 'उकळल्याशिवाय' असं होतं. ते आलं नाही. त्याऐवजी एक पुरुषी आवाज आला. पलीकडच्यांनी पहाटे शहराच्या टाकीत विष कालवलं आहे, माणसं मरायला लागली आहेत, ताई काय सांगताहेत ते नीट ऐका.

मग परत ताई. 'हे आपल्यातच राहतात. आपलंच अन्न खातात आणि आपल्यालाच आजारी पाडतात. एकाला सोडलंत तर त्याचे शंभर होतील.'

ताईंचे हात कणकेत तसेच राहिले. हा उंदरांवरचा कार्यक्रम होता. मागच्या वर्षी गोदामांच्या बाजूला उंदीर फार झाले, तेव्हा केलेला. सिस्टर याच स्वयंपाकघरात बसून एकेक मुद्दा सांगत होत्या, आणि मध्येच एक पाल पडली म्हणून दोघी किंचाळून हसल्या होत्या.

'माळ्यावर बघा. फडताळामागे बघा. जिन्याखाली बघा. पिल्लं लहान आहेत म्हणून दया करू नका.'

आवाज आता फक्त खालून येत नव्हता. समोरच्या घरातून, कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानातून, सगळीकडून येत होता. शब्द न् शब्द ताईंचा होता.

त्या तशाच कणकेच्या हातांनी खाली धावल्या. रस्त्यावर माणसं जमली होती. काहींच्या हातात काठ्या होत्या, कुणाच्या हातात पहार. रोजचीच माणसं. शिंपी होता, दूध घालणारा होता.

"अरे, हे मी नाही बोलले!" ताई ओरडल्या. "हे उंदरांचं आहे! जुनं आहे! पाण्याला काही झालेलं नाही!"

दूधवाल्यानं त्यांच्या खांद्याला धरून त्यांना हळूच जिन्याकडे वळवलं. "ताई, तुम्ही आत जा. घाबरू नका. तुम्ही सांगितलंत तेवढं पुरे, आता पुढचं आम्ही बघतो."

"अरे बाबा, ऐक तरी! मी स्वतः सांगतेय ना तुला!"

"हो हो," तो म्हणाला, आजारी माणसाची समजूत काढावी तसा. तेवढ्यात शिंप्याच्या दुकानातून ताईंचा आवाज पुन्हा सुरू झाला. स्वच्छ, ठाम, कात्रीनं सगळं अडखळणं काढून टाकलेला. रस्त्यावरच्या ताईंचा आवाज चिरकला होता, त्यांना धाप लागली होती. माणसं दुकानाकडे वळली.

ताईंना एकच सुचलं. जिथून हे चाललंय तिथे जायचं. त्या केंद्रावर जवळजवळ पळतच गेल्या. वाटेत धूर दिसला, काचा फुटल्याचे आवाज आले, त्यांनी मान वळवली नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना पाहून सलाम ठोकला. "ताई, आज काय आवाज लागलाय तुमचा! अंगावर काटा आला."

साहेब आपल्या खोलीत होते. ताई काय बोलल्या ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"ताई, आम्ही तुमच्या तोंडी एकही नवा शब्द घातलेला नाही," ते म्हणाले. "आणि लोकांचा तुमच्यावर इतका विश्वास आहे. तो असा वाया कसा घालवायचा?"

"मला माइक द्या. एक मिनिट द्या. नाहीतर मी इथून हलणार नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, थोडा विचार केला आणि हसले. "जा. बसा."

ताई स्टुडिओत गेल्या. गादी मारलेल्या भिंती, हिरवं बनातीचं कापड घातलेलं टेबल, सगळं ओळखीचं. काचेपलीकडे कात्री बसला होता. लाल दिवा लागला. ताईंनी हात जोडले, जणू कुणाला दिसणार होते.

"मी तुमची ताई बोलतेय. आत्ता, या क्षणी बोलतेय. सकाळपासून तुम्ही जे ऐकताय ते मी उंदरांबद्दल बोलले होते. माणसांबद्दल नाही. पाणी चांगलं आहे. मी आज तेच प्यायले आहे. हातातलं खाली ठेवा आणि घरी जा. ज्यांच्या दाराशी उभे आहात त्यांनी तुमची बाळंतपणं केली आहेत रे..."

दिवा विझेपर्यंत त्या बोलत राहिल्या. कात्रीनं काचेतून मान हलवली. ताई बाहेर आल्या तेव्हा छातीवरचा धोंडा उतरला होता. फाटकाबाहेर चहाची टपरी होती. टपरीवाला रेडिओला कान लावून उभा होता.

"ऐकलंत ना?" ताईंनी विचारलं. "आत्ता मी बोलले ते?"

"आत्ता?" तो गोंधळला. "सकाळपासून हेच तर चाललंय, ताई. जिन्याखाली बघा, माळ्यावर बघा. मधे दुसरं काही नाही लागलं."

ताई पुन्हा फाटकाशी गेल्या. या वेळी फाटक उघडलं नाही.

सिस्टरांच्या घराचं दार बिजागरीतून निखळून आडवं पडलं होतं. आत कुणी नव्हतं. जिन्याखाली एक बुटकं कपाट होतं, झाडू-बादल्या ठेवायचं. ते सताड उघडं होतं, आणि झाडू, बादल्या, जुनी सतरंजी, सगळं बाहेर फेकलेलं होतं. फरशीवर काय सांडलं होतं ते ताईंनी पाहिलं आणि भिंतीचा आधार घेत खाली बसल्या. शेजारच्या बंद खिडकीतून एक बाई कुजबुजली, "सिस्टर इस्पितळातच आहेत, ताई. चष्मेवाले एकटेच होते घरी. त्यांना ओढत नेलं. आता काही उपयोग नाही." आणि खिडकीची फट बंद झाली.

ताई घरी परतल्या तेव्हा दीर पायरीवर बसून तांब्यावर तांब्या पाणी पीत होते. तोच नळ, तेच पाणी. शर्ट बदललेला होता.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतंत तर आपण सगळे झोपेत मेलो असतो."

"भाऊजी, तुम्ही कुठे होतात?"

दिरांनी तांब्या खाली ठेवला. "मी काही केलं नाही. मी हात नाही लावला कुणाला. त्यांना घर सापडत होतं, माणूस सापडत नव्हता. मागे सिस्टरांचा नळ बसवायला गेलो होतो ना, म्हणून मला ते कपाट ठाऊक होतं." त्यांनी तोंड पुसलं. "तुम्हीच म्हणत होता की, जिन्याखाली बघा. मी फक्त जिना दाखवला, वहिनी."

हा माणूस ताईंच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झाला होता. नवरा गेला तेव्हा आठवडाभर ताईंच्या उंबऱ्यात झोपला होता, वहिनी एकटी घाबरेल म्हणून. ताई त्याच्या अंगावरून वर गेल्या. कणीक वाळून टणक झाली होती.

हे सगळं पुढे काही दिवस चाललं आणि थांबलं. पाण्यात विष नव्हतं हे हळूहळू सगळ्यांना कळलं. त्यावर कुणी फारसं बोललं नाही. सरकार बदललं, चौकशी बसली. नगरभवनाच्या सभागृहात ती टेप सगळ्यांसमोर वाजवली गेली. ताई पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. मागे कुणीतरी हुंदका दिला, आणि मग कुणीतरी दातओठ खात म्हणालं, "हीच ती."

कात्रीची साक्ष झाली. त्यानं सगळं खरं सांगितलं. कुठलं वाक्य कुठून घेतलं, कुठे कापलं, कुठे जोडलं. लाल दिवा त्यानं साहेबांच्या सांगण्यावरून लावला होता आणि आवाज बाहेर सोडला नव्हता, हेही सांगितलं. न्यायमूर्तींनी विचारलं, का केलंत? त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं. "सफाईदार झालं होतं साहेब," तो म्हणाला. "जोड कुठे कळत नव्हता." मग त्याला रडू कोसळलं. बाहेर पडताना त्यानं ताईंना नमस्कार केला. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि छत्री उघडून चालू लागल्या.

निवेदिकेचा यात दोष नाही, असं चौकशीच्या निकालात आलं. वर्तमानपत्रात ते आतल्या पानावर छापून आलं, ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं. पण आवाज वर्तमानपत्रातून ऐकू येत नाही. बाजारात ताईंनी "कसे दिले?" म्हटलं की पूर्वीसारख्याच बाया वळायच्या. काही जणी पिशवी उचलून निघून जायच्या. त्याचं ताईंना तितकं काही वाटत नसे. काही जणी मात्र जवळ सरकून हात दाबायच्या आणि हलकेच म्हणायच्या, "तुम्ही होतात म्हणून आम्ही वाचलो." तेव्हा ताई हात सोडवून घेऊन भाजी न घेताच परतायच्या. त्या बोटानं भाजी दाखवू लागल्या. भाजीवाल्यानंही विचारलं नाही.

जावेनं वर ताट पाठवणं चालू ठेवलं. ताई ते झाकून तसंच परत ठेवून येत. दीर जिन्यात समोर आले की भिंतीला चिकटून वाट द्यायचे. ते तुरुंगात गेले नाहीत. जिना दाखवल्याचा गुन्हा कुणी नोंदवला नव्हता. ताईंनी स्वतः जाऊन तो सांगितला होता. अधिकाऱ्यानं पेन हातात धरून विचारलं, "त्यांनी मारलं का?" नाही म्हटल्यावर पेन बाजूला ठेवलं.

सिस्टर आल्या त्या उन्हाळ्यात, भर दुपारी. इतके दिवस त्या दुसऱ्या शहरात बहिणीकडे होत्या. ताईंनी दार उघडलं. सिस्टर खूप वाळल्या होत्या. चपला काढल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"घर आवरायला आलेय," त्या म्हणाल्या. "तिथल्या इस्पितळात नोकरी मिळालीये. ट्रंका एकटीला उचलायच्या नाहीत."

ताईंनी तोंड उघडलं. "सिस्टर, मी..."

सिस्टरांनी डोळे गच्च मिटून घेतले. हातानं दाराची चौकट धरली. ताई गप्प झाल्या.

"मला माहितीये," सिस्टर डोळे न उघडताच म्हणाल्या. "मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. वॉर्डात रेडिओ चालू होता. मी सगळ्यांना सांगत होते, अरे हे उंदरांचं आहे, मीच सांगितलंय तिला. तुझ्यावर माझा काडीचा राग नाही. कुणी काही म्हणो." त्यांनी श्वास घेतला. "पण तू बोललीस ना, की मला ते कपाट दिसतं. मी काय करू गं? बोलू नकोस. मदतीला ये, पण बोलू नकोस."

ताईंनी मान डोलावली. दाराला कुलूप घातलं.

दुपारभर दोघींनी मिळून घर आवरलं. सिस्टर वस्तू काढून द्यायच्या, ताई कागदात गुंडाळायच्या. भांडी झाली, अंथरुणं झाली. चष्मेवाल्यांचे शर्ट निघाले तेव्हा सिस्टर घडी घालताना थांबल्या, आणि ताईंनी त्यांच्या हातातून ते काढून घेऊन घडी घातली. जिन्याखालच्या कपाटाशी ताई एकट्याच गेल्या. एक तुटकी बादली होती तेवढी आणून दाखवली. सिस्टरांनी नको म्हणून हात हलवला. मधे त्यांनी दोन पेले पाणी भरून आणलं. फरशीवर भिंतीला टेकून दोघी प्यायल्या. बाहेर कुणीतरी खुर्ची ओढत नेत होतं, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. कितीतरी महिन्यांनी ताईंच्या शेजारी कुणी इतकं जवळ बसलं होतं. त्यांना वाटलं हे आवरणं संपूच नये, अजून एखादी खोली असावी.

ट्रंका बसच्या टपावर चढल्या. सिस्टर खिडकीशी बसल्या, ताई खाली उभ्या. बस सुटायला वेळ होता. काहीच करायला नव्हतं, आणि गप्प उभं राहायला दोघींनाही कधी जमलेलं नव्हतं.

सिस्टरांनी खिडकीतून वाकून ताईंच्या मानेकडे पाहिलं, वॉर्डात रोग्यांना पाहायच्या तसं. "गळ्याशी सूज वाटतेय. थायरॉइडची गोळी घेतेस ना रोज?"

ताईंनी मान हलवली. घेते.

"उपाशीपोटी?"

ताई गडबडल्या. खरं म्हणजे त्या चहानंतर घेत होत्या. सिस्टरांना ते चेहऱ्यावरूनच कळलं. "उपाशीपोटी घ्यायची," त्या म्हणाल्या. "किती वेळा सांगायचं तुला?"

कंडक्टरनं घंटी मारली. ताई बसबरोबर चार पावलं चालल्या. विचारायचं होतं, पत्ता कुठला, परत येशील का, मी येऊ का. ओठ मिटून त्या खिडकीच्या गजावरचा सिस्टरांचा हात धरून होत्या. बसनं वेग घेतला तसा तो हात सुटला.

परतताना त्यांनी औषधाच्या दुकानासमोर थांबून गोळ्यांचं रिकामं पाकीट पिशवीतून काढलं आणि काउंटरवर ठेवलं. दुकानदारानं नवीन पाकीट दिलं. "कशी घ्यायची माहितीये ना?" त्यानं विचारलं. ताईंनी हो म्हणून मान हलवली आणि घरच्या रस्त्याला लागल्या.